हौसेची शर्यत

गेल्या मार्गशीर्षात आमच्या पुतण्याने आम्हांस एक विलक्षण आमंत्रण दिले. तो चाकणच्या बाजूस एका कारखान्यात अभियंता आहे आणि त्याचे सात-आठ मित्रही त्याच धंद्यातले आहेत. या मंडळींस वेगवान मोटारींचे वेड आहे. ज्यांस 'स्पोर्ट्स कार' म्हणतात, त्या दोन आसनांच्या, बुटक्या, जमिनीस पोट टेकल्यागत चालणाऱ्या मोटारी त्यांच्यापैकी दोघा-तिघांकडे आहेत. बाकीच्यांनी आपल्या साध्याच गाड्या सुटीच्या दिवशी खोलून, हलक्या करून, त्यांची यंत्रे स्वतःच्या हातांनी जुळवून तयार केल्या आहेत. त्यांच्यातील एकाच्या वडिलांची सुप्यास कुंपण घातलेली मोठी जागा आहे. इमारत अजून उभी राहिलेली नाही, पण आत सिमेंटचा रस्ता मात्र सर्वत्र फिरवून ठेवला आहे. तेथे शनिवार-रविवार जमायचे, एकेकाने गाडी पळवायची, घड्याळ लावून वेळ टिपायची आणि रात्री पिठले-भाकरीवर ताव मारायचा, असा बेत होता. "काका, वेळ टिपायला पक्षपात न करणारा माणूस पाहिजे. तुम्ही याच," असे त्याने म्हटले. निवृत्तीनंतर आमच्या निःपक्षपातीपणास मागणी आलेली ही पहिलीच वेळ असल्याने आम्ही नाही म्हणू शकलो नाही.

घरात हे सांगताच सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला, "बक्षीस काय आहे?" "काहीच नाही," आम्ही म्हणालो. "मग जीव कशाला धोक्यात घालायचा?" यावर आम्ही काही तरी थट्टेचे उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण तो प्रश्न आमच्या पिशवीत घडी घातलेल्या स्वेटराबरोबर सुप्यापर्यंत आला, आणि त्याचा उलगडा करण्याचा यत्न म्हणजेच हा लेख होय.

पुण्याहून नगरकडे निघाले, शिरूर मागे टाकून घोड नदी ओलांडली, की नगर जिल्हा लागतो. कागदोपत्री तो आता अहिल्यानगर जिल्हा झाला आहे. आमच्या पिढीच्या तोंडून मात्र 'नगर'च निघते. नारायणगव्हाण, वाडेगव्हाण ही गावे जातात, जातेगावचा लहानसा घाट लागतो आणि मग पारनेर तालुक्यातील सुपा येते. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याबरोबर ज्याचे नाव येते ते सुपे हे नव्हे, ते बारामतीकडचे. या आमच्या सुप्यास इतिहासाने फारसे कौतुक दाखविलेले नाही, आणि पावसानेही नाही. बाजरी-ज्वारीचा हा अवर्षणग्रस्त टापू. पण आता भोवतालच्या डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्यांची पाती संथपणे फिरत असतात आणि खाली औद्योगिक वसाहतीत परदेशी कारखान्यांच्या पाट्या झळकतात. ज्या माळावर पूर्वी मेंढ्यांच्या कळपाहून वेगवान असे काही हलत नसे, तेथे आम्ही दोन दिवस हातात घड्याळ घेऊन बसलो, आणि एका सेकंदाचे शंभर भाग करून ते मोजीत राहिलो!

'हौशी' या शब्दाचा थोडा विचार प्रथम केला पाहिजे. नाटकमंडळ्यांमुळे हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. धंदेवाईक नट पोटासाठी रंग लावतो, हौशी नट स्वतःच्या खिशास खार लावून रंग लावतो, आणि पुष्कळदा त्यामुळेच आपले पाठांतर कच्चे असले तरी चालेल असे समजतो. इंग्रजीतील 'ॲमॅच्युअर' शब्दाचे मूळ लॅटिनमधील प्रेम करणाऱ्यात आहे. आमच्या 'हौस' शब्दाचे मूळ अरबी 'हवस'मध्ये सांगतात. एकाच वस्तूकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत असे म्हटले तरी चालेल. निरपेक्ष प्रेम आणि अनावर वासना या दोहोंच्या मध्ये कोठे तरी हौस उभी असते, आणि तिचे तोंड कोणत्या क्षणी कोणीकडे वळेल याचा भरवसा नसतो.

त्या शनिवारी सकाळी तिचे तोंड निश्चित प्रेमाकडे होते. एकाच्या गाडीचा पंखा बिघडला, तेव्हा ज्याला त्याच्याशी सामना द्यायचा होता त्यानेच स्वतःची गाडी बाजूस ठेवून तासभर त्याच्या गाडीखाली उताणे पडून तो दुरुस्त केला. कपडे तेलाने माखले, फेरी चुकली, आणि दुपारी त्याच मित्राने त्यास तीन दशांश सेकंदाने मागे टाकले. दोघेही इतके खूष झाले की नेमका जिंकला कोण हे परक्यास कळले नसते. धंद्यात असे घडत नाही. बाजारात शेजारच्या दुकानदाराचे कुलूप उघडेना म्हणून आपले दुकान बंद ठेवून त्याच्या मदतीस जाणारा वाणी आम्ही पाहिलेला नाही.

परंतु दुपारनंतर एक लहानसा प्रसंग घडला आणि त्याने आमच्या मनात विचारांचे चक्र सुरू केले. मंडळींपैकी एकाचे नुकतेच लग्न ठरले होते. त्याच्या गमतीखातर, किंवा त्याचे मन राखावे म्हणून, एका मित्राने आपल्या फेरीत शेवटच्या वळणापूर्वी पाय मुद्दाम सैल सोडला आणि त्यास पहिला येऊ दिले. आम्हांस घड्याळावरून ते कळले नाही, पण नवरदेवास आवाजावरूनच कळले. तो चिडला, अगदी मनापासून चिडला. "तू मला लहान मूल समजतोस का?" असे तो म्हणाला, आणि पुढची अर्धी घटिका दोघांत अबोला होता.

वरवर पाहता हे चमत्कारिक आहे. मित्रास हरविण्याची इच्छा धरणे आणि त्यासाठी सर्व शक्ती पणाला लावणे यात स्नेह कोठे आला? उलट त्यास जिंकू देणे यातच स्नेह दिसावा. पण अनुभव तसे सांगत नाही. जो आमच्याशी खेळताना मुद्दाम हरतो, तो आमची शक्ती हिशेबात घेण्याजोगी नाही असा निर्णय आमच्या पाठीमागे, आमच्यावाचून, देऊन मोकळा होतो. स्पर्धकास आपले सर्वस्व देणे हा त्याचा मान होय. बुद्धिबळात आजोबा नातवास वजीर काढून देऊन खेळतात, परंतु तो काढून पटाबाहेर ठेवतात, नातवाच्या डोळ्यांदेखत. खेळता खेळता गुपचूप घालवीत नाहीत.

मात्र सर्वस्व द्यायचे ते कोठपर्यंत, हाही प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देणारे एक उदाहरण मोटारशर्यतीच्याच इतिहासात आहे. १९५८ साली जगज्जेतेपदासाठी स्टर्लिंग मॉस व माइक हॉथॉर्न या दोन इंग्रजांत चुरस होती. ऑगस्टात पोर्तुगालमधील पोर्तो येथे मॉस पहिला आला आणि हॉथॉर्न दुसरा. पण अखेरीस हॉथॉर्नची गाडी बंद पडली होती व ती सुरू करण्यासाठी त्याने ती उलट दिशेने उतारावर सोडली होती, या कारणावरून पंच त्यास बाद करू लागले. तेव्हा मॉस स्वतः पुढे गेला आणि त्याने साक्ष दिली की, हॉथॉर्न उलट गेला खरा, पण शर्यतीच्या रस्त्यावरून नव्हे, कडेच्या पदपथावरून; म्हणून नियमभंग झालेला नाही. हॉथॉर्नचे गुण कायम राहिले. वर्षअखेर हॉथॉर्नचे ४२ गुण झाले आणि मॉसचे ४१. त्या एका गुणाने मॉसचे जगज्जेतेपद हुकले. पुढे २०२० साली वृद्धापकाळाने मृत्यू येईपर्यंत ते त्यास कधीच मिळाले नाही.

हे औदार्य होते काय? आम्हांस वाटते, नव्हते. आणि म्हणूनच ते मोठे आहे. औदार्य म्हणजे आपले दुसऱ्यास देणे. मॉसने शर्यतीत हॉथॉर्नला काहीएक दिले नव्हते. त्याने त्यास चांगले हरविले होते. पंचांपुढे त्याने फक्त जे पाहिले ते सांगितले. गप्प राहिला असता तर कोणी त्यास दोष दिला नसता. कोणास कळलेही नसते. धावताना दयामाया नाही आणि थांबल्यावर खोटेपणा नाही, एवढीच मित्रत्वाच्या शर्यतीची संहिता असेल तर ती पाळण्यास फार सोपी वाटते. सोपी ती नाही, हे पुढे येईलच.

येथपर्यंतचा विचार दोन मित्रांपुरता झाला. त्यांनी एकमेकांशी कसे वागावे हे ठरविणे फारसे कठीण नव्हे, कारण दोघेही राजीखुशीने खेळावयास आलेले असतात. सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे टोक मात्र याहून खोल जाते. खेळात पणाला काय लागते? आणि जे पणाला लागते ते सर्वथा खेळणाऱ्याचेच असते काय?

सभापर्वात द्रौपदीने विचारलेला प्रश्न आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धर्मराज आधी स्वतःस हरला की आधी मला? जो स्वतःच दास झाला त्यास मला पणास लावण्याचा अधिकार उरला होता काय? पितामह भीष्मांसही या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. धर्माची गती सूक्ष्म आहे एवढे म्हणून ते थांबले. आम्हांस त्या प्रश्नाचा कायद्याचा भाग तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचे हे की, द्यूत खेळावयास बसलेले सगळे पुरुष राजीखुशीने बसले होते आणि जिला किंमत द्यावी लागली ती मात्र पटाजवळही नव्हती.

मोटारशर्यतीच्या इतिहासात अशा पटाजवळ नसलेल्यांची गर्दी आहे. १९०३ साली पॅरिसहून माद्रिदकडे निघालेली शर्यत बोर्दो येथेच थांबवावी लागली, कारण वाटेवरच इतके अपघात आणि मृत्यू झाले. मरणारांत स्पर्धक होते, तसेच रस्त्याच्या कडेला उभे राहिलेले लोकही होते. १९५५ साली ल मान येथे एक गाडी दुसरीवर आदळून उधळली आणि तिचे जळते भाग प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि शर्यत चालूच राहिली! माणसे एकदम परत निघाली तर रुग्णवाहिकांची वाट अडेल, असे कारण चालकांनी दिले. ते कदाचित खरेही असेल. पण मर्सिडीज कंपनीने मध्यरात्रीनंतर आपल्या उरलेल्या गाड्या, एक आघाडीवर असताना, काढून घेतल्या. स्वित्झर्लंडने आपल्या देशात अशा शर्यतींवर बंदी घातली ती कित्येक दशके टिकली. इटलीत ब्रेशियाहून रोमला जाऊन परत येण्याची हजार मैलांची शर्यत तर सरळ गावागावांतील रस्त्यांवरून धावत असे. १९५७ साली एका गाडीचे टायर फुटले. चालक व त्याचा जोडीदार मेलेच, पण कडेला उभे असलेले नऊजण मेले आणि त्यांत पाच मुले होती. मुले शर्यत पाहावयास आली होती. आईबापांनी त्यांस हौसेने आणले होते. 'हौसेला मोल नाही' अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण करणाराने मोल भरणाराकडे बहुधा पाहिले नसावे.

याच कारणाने शहाण्या लोकांनी शर्यतीस रस्त्यावरून उचलून कुंपणात नेले. इंग्लंडात १९०७ साली ब्रुकलँड्सचा खास मार्ग बांधला गेला तो यासाठीच. तिकडे रस्त्यावर शर्यत लावण्यास कायद्याचीच आडकाठी होती. आपल्या देशात मद्रासच्या हौशी मंडळींनी महायुद्धानंतर ओस पडलेली शोलावरमची धावपट्टी गाठली आणि पुढे श्रीपेरुंबुदूरजवळ स्वतःचा मार्ग उभारला. खुद्द नगरजवळ संरक्षण खात्याची वाहन-संशोधन संस्था आहे. तिच्या धावपट्ट्यांवर वाहने परीक्षेसाठी पळविली जातात आणि बाहेरच्या कोंबडीसही त्याचा उपद्रव नाही. कुंपण ही वस्तू दिसावयास क्षुल्लक. पण नीतिशास्त्राच्या दृष्टीने तिच्याइतके उपयोगी यंत्र मोटारीत दुसरे नाही.

आमच्या त्या कुंपणापाशी रविवारी सकाळी एक वृद्ध शेतकरी येऊन उभे राहिले. डोक्यास मुंडासे, हातात काठी. पुष्कळ वेळ त्यांनी गाड्या पाहिल्या आणि मग आम्हांस विचारले, "पाव्हणं, एकेकच पळतोय व्हय? आमच्या घाटावानीच की!"

या वृद्धांनी एका वाक्यात जे सांगितले ते आमच्या ध्यानात आले नव्हते. पुणे-नगर भागातील बैलगाड्यांची शर्यत अशीच असते. सातारा-सांगलीकडे गाडे शेजारी शेजारी धावतात, विदर्भातला शंकरपट निराळा. परंतु इकडे प्रत्येक गाड्याची बारी स्वतंत्र. चार बैल, त्यांपुढे घोडी, गाड्यात कोणी बसलेले नाही, आणि घाटाच्या चढावरून ते काही सेकंदांत वर जातात. शेजारी प्रतिस्पर्धी नाही, प्रतिस्पर्धी घड्याळ. जुन्या लोकांनी ही पद्धत कोणत्या हेतूने घातली हे आम्हांस सांगता येणार नाही; पण यात मित्राच्या तोंडाकडे पाहून धावण्याचा मोह कमी होतो हे निश्चित.

आम्ही त्यांस चहा दिला. त्यांचेही बैल एके काळी घाटात पळत असत. "बंदी आली आन् खोंडं इकून टाकली," ते म्हणाले. "आमच्या बैलांना कोरटात जावं लागलं बघा. तुमच्या ह्या गाड्यांना कोन इचारतंय?"

हे खरे आहे. २०११ साली केंद्र सरकारने बैलाचे नाव खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबरच बैलगाड्यांच्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला, पण शर्यती प्रत्यक्ष सुरू झाल्या त्या डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने परवानगी दिल्यावर. आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. चाबूक, काठी, विजेचा धक्का यांस आता मनाई आहे आणि पशुवैद्याची तपासणी लागते. म्हणजे बैलाच्या संमतीचा प्रश्न या देशाच्या अत्युच्च न्यायपीठाने बारा वर्षे या ना त्या रूपाने हाताळला. याची कित्येकजण थट्टा करतात. आम्हांस ती थट्टेची गोष्ट वाटत नाही.

"बैलाला पळण्याची आवड असते का हो, बाबा?" आम्ही विचारले.

"आसती तर! बारीचा ढोल वाजला की दावणीला कान टवकारतंय. पर," आणि येथे ते थोडे थांबले, "शेपूट पिरगाळून जो पळतो त्यो आवडीनं पळत न्हाई. त्ये आमालाबी ठावं हुतं."

न्यायालयातील युक्तिवादांचे सारे सार आम्हांस या उत्तरात मिळाले. जनावर हौसेने पळते की भीतीने, हे जवळ राहणारास कळते. कळूनही तो स्वतःस फसवितो, एवढेच. निकाल बरोबर की चूक याविषयी आमचे मत अजून दोलायमान आहे. मालकाच्या घरी ज्या ममतेने बैल सांभाळला जातो ती आम्ही पाहिली आहे, आणि खिळा लावलेली काठीही पाहिली आहे. ही दोन्ही एकाच माणसाच्या घरी असू शकतात, ही खरी अडचण आहे.

पण त्या वृद्धांचा दुसरा प्रश्न मनातून जाईना. तुमच्या गाड्यांना कोण विचारते? कुंपणाच्या आत कोणी विचारण्याचे कारण नाही. तेथे धोका आहे, पण तो ज्याचा त्याने पत्करलेला आहे. शिरस्त्राण आहे, पट्टे आहेत, आग विझविण्याची नळकांडी आहेत. कोणी वयात आलेला मनुष्य आपल्या जिवावर एवढा धोका घेतो तर त्यास नीतीने अडवावे असे आम्हांस वाटत नाही. गिर्यारोहकास आपण अडवीत नाही, उलट त्याचा सत्कार करतो. सौभाग्यवतींस आम्ही असे उत्तर देणार होतो की, बक्षीस नाही म्हणूनच ही मुले रात्री एका ताटात जेवू शकतात. जेथे लाखाचे बक्षीस असते तेथे दुसऱ्याचा पंखा कोण दुरुस्त करील?

आता हॉथॉर्नचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. मॉसच्या साक्षीने वाचलेल्या त्या एका गुणावर तो जगज्जेता झाला आणि लगेच त्याने शर्यती सोडल्या. त्या वर्षी त्याचा जिवलग मित्र पीटर कॉलिन्स जर्मनीतील शर्यतीत डोळ्यांदेखत गेला होता. त्यास त्यात रस उरला नव्हता. ज्या मार्गांवर इतके सोबती मेले त्यांवरून तो धडधाकट परत आला. आणि जानेवारी १९५९ मध्ये, गिल्डफर्ड गावाजवळच्या साध्या सार्वजनिक रस्त्यावर, पावसाने ओल्या झालेल्या सडकेवर, एका ओळखीच्या गृहस्थाची मोटार ओलांडून पुढे गेल्यावर त्याची गाडी घसरली आणि झाडावर आदळून तो मेला. वय २९. त्या दिवशी कोणतीही शर्यत नव्हती. पुढच्या गाडीत ओळखीचा माणूस दिसला, एवढेच पुरले.

हौसेचा हा स्वभाव आम्हांस सर्वांत भयंकर वाटतो. कुंपणाच्या आत ती इतकी सभ्य, इतकी प्रेमळ असते, की दार उघडून ती बाहेर आली तरी ती तीच आहे असा भास होतो.

रविवारी सायंकाळी आम्ही पुतण्याच्या गाडीतून परत निघालो. सुपा मागे पडले. डोंगरावरच्या पवनचक्क्यांची लाल दिवे लुकलुकू लागले होते. घाट उतरल्यावर मागून दोन दिवे झपाट्याने आले, दोनदा मिचकावले आणि शेजारी येऊन बरोबरीने चालू लागले. आत तोच नवरदेव होता, हसत होता. त्याने हात केला. पुतण्याही हसला, आणि आम्हांस आसनाच्या पाठीत हलकासा दाब जाणवला. त्याने काही ठरविले नव्हते. त्याच्या पायाने ठरविले होते.

"अरे, कुंपण मागे राहिले," आम्ही म्हणालो. त्याने पाय काढला. नवरदेव पुढे निघून गेला व वाडेगव्हाणच्या दिव्यांत दिसेनासा झाला. "काका, तुम्ही घाबरलात?" असे पुतण्याने जरा ओशाळून विचारले. तेव्हा, या चाळीसहून अधिक वर्षांत कोणास न सांगितलेली एक गोष्ट आम्ही त्यास सांगितली. आता ती वाचकांस सांगतो.

१९७९ सालची हिवाळ्यातील सकाळ होती. आम्ही वडिलांची फियाट घेऊन आणि आमचा एक मित्र त्याच्या मामांची स्टँडर्ड हेराल्ड घेऊन, नगरला एका लग्नास निघालो होतो. घोड नदी ओलांडल्यावर पैज लागली: सुप्यास आधी पोहोचेल त्यास दुसऱ्याने चहा-भजी द्यावी. रस्ता त्या वेळी अरुंद होता. दोन गाड्या शेजारी आल्या की कडेस मुरूम उरे. घाटाच्या अलीकडे, याच टापूत कोठे तरी, आम्ही हेराल्डला ओलांडण्यासाठी उजवीकडे आलो. समोरून सायकलीवर एक दूधवाला येत होता. दोन्ही बाजूंस किटल्या बांधलेल्या. आम्ही मागे सरू शकलो असतो. सरलो नाही. त्याने सायकल कडेच्या चारीत घातली.

धक्का लागला नव्हता. हे वाक्य आम्ही पुढे स्वतःशी इतक्या वेळा म्हटले आहे की त्यास आता काही अर्थच राहिलेला नाही. आरशात पाहिले तेव्हा सडकेच्या कडेला पांढरे काही तरी पसरत होते, आणि हेराल्ड लहान लहान होत मागे पडत होती. खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आम्हांस दोहोंपैकी दुसरी गोष्टच अधिक दिसली. आम्हांस वाटले, जिंकलो.

सुप्याच्या हॉटेलात आम्ही मित्राची वाट पाहात बसलो. पाऊण तासाने तो आला. विजारीस गुडघ्यापर्यंत चिखल आणि दुधाचे डाग होते. बाहीवर रक्ताचा एक लहान ठिपका होता, तो त्याचा नव्हता. त्याला फारसे लागले नाही, मनगट दुखावले आहे, वाडेगव्हाणास डॉक्टरकडे पोहोचवून आलो, असे तो म्हणाला. दुधाचे काय, ते आम्ही विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. परंतु लग्नात अहेर करताना त्याचे पाकीट रिकामे होते, हे आम्ही पाहिले. त्या दिवशी, आणि पुढे तो होता तोपर्यंत, त्याने या गोष्टीचा आमच्यापाशी एकदाही उच्चार केला नाही. आम्हीही केला नाही. त्या दूधवाल्याचे नावही आम्हांस ठाऊक नाही.

भजी गार झाली होती. आम्ही खिशात हात घातला तेव्हा त्याने आमचा हात धरला आणि चहाभज्यांचे पैसे स्वतः दिले. हरेल त्याने द्यावयाचे, असे ठरलेच होते.